ओटीचे तांदूळ

"राहते का न्हाई, एवढंच मला लिहायचंय," पोलीस संगमेश्वर म्हणाला. "घरमालक तुमी. व्हय म्हणा, न्हाई म्हणा, मी मोकळा."

हणमंतराव ओसरीत मांडी ठोकून बसला होता. उंबऱ्याशी त्याची सख्खी बहीण दीपमाला उभी होती. जन्म मादन हिप्परग्यातल्या याच घरातला. पण नर्स म्हणून लंडनला गेली, तिथलं नागरिकत्व घेतलं आणि आता सरकारच्या लेखी ती परदेशी बाई. अशा माणसानं राहायची जागा बदलली की पोलिसांना कळवावं लागतं. लंडनहून परतल्यावर घेतलेली हैदराबादची खोली सोडून माहेरी आल्यावर तिनं इमानदारीत कळवलं. इमानदारीचं फळ आज खुर्ची टाकून ओसरीत बसलं होतं.

"न्हाई राहत," हणमंतराव म्हणाला.

"अण्णा, दिवाळीपासून मी इथंच हाय."

"माहेरपणाला आलती. आता जायलीय." तो पोलिसाकडं बघूनच बोलत होता, बहिणीकडं बघायची त्याची तयारी नव्हती. "ह्या घराचा पत्ता तिच्या नावावर चढला की उद्या वाटणी मागंल. मी काय दुधखुळा हाय?"

"वाटणी कोण मागायलंय? ऱ्हाऊ दे, एवढंच म्हणायलेय मी."

"तिकडं लंडनला नवरा हाय की तुझा."

"तिथं दुसरी नांदायलीय. तुला ठावं हाय."

हणमंतरावाला ठाऊक होतं. त्यानं खिशातली सुपारी काढून तोंडात टाकली.

संगमेश्वरनं मान खाजवली. "अक्का, इथनं जायचं असंल तर नवा पत्ता द्या. जुना सोडला, नवा न्हाई, असं तुमच्यासारख्या फॉरेनरला चालत न्हाई. पत्ता न्हाई तर व्हिसा वाढत न्हाई. मग विमानच."

फॉरेनर. लहानपणी ज्या ओसरीत ती सागरगोटे खेळली, तिथं उभं राहून हे ऐकताना दीपमालेचा जीव जळून गेला. जायला जागा असती तर ती या भावाच्या दारात एक दिवसही थांबली नसती.

तेवढ्यात भावजय गुरुबाई आतून तबक घेऊन आली. तबकात खण, नारळ, हळकुंड आणि तांदूळ. दिवाळीपासून जिनं नणंदेला धड चहा विचारला नव्हता, तिला आज माया आली होती. माहेराहून निघालेल्या लेकीची ओटी भरतात आणि लेकीला ती नाकारता येत नाही, हे पोलिसालाही माहीत होतं.

"घ्या दीपाक्का," गुरुबाई गोड आवाजात म्हणाली. "गाडीची येळ झाली."

कुठली गाडी, हे कुणी विचारलं नाही. दीपमालेनं पदर पसरला. गुरुबाईनं कुंकू लावलं, देवाचं नाव घेत ओंजळीनं तांदूळ घातले. हणमंतराव बायकोकडं कौतुकानं बघत राहिला. एवढी अक्कल हिच्यात असेल, असं त्याला वाटलं नव्हतं.

"बघा सायब, ओटी भरली. आता काय राहिलं?"

संगमेश्वरनं टोपी डोक्यावर ठेवली आणि तो उठला.

दीपमाला पदर सावरत वळली. दाराकडं नाही, आत गेली. ओसरीतून स्वयंपाकघर सरळ दिसत होतं. तिनं फळीवरचं भगुनं घेतलं, पदरातले तांदूळ त्यात ओतले, दोन पाण्यानं धुतले आणि गॅसवर चढवले.

"ए, काय करायलीस?" हणमंतराव उठून उभा राहिला.

"ओटीचे तांदूळ लेकीनं आपल्या घरी नेऊन शिजवायचे असतात." तिनं गॅस मोठा केला. "मला दुसरं घर न्हाई. म्हणून इथंच शिजवायलेय."

"उतरव गं ते भगुनं!" तो बायकोवर ओरडला.

गुरुबाई धावली. हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला. तिची स्वतःची लेक सासरी पोटुशी होती. आपल्याच हातानं ओटीत घातलेले तांदूळ अर्धेकच्चे उतरवायचा अपशकून करायची तिची छाती होईना.

"उतरव म्हणलो ना!"

"तुमीच उतरवा," गुरुबाई म्हणाली.

हणमंतरावही जागचा हलला नाही. भाताला उकळी आली. संगमेश्वर परत खुर्चीत बसला आणि त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

"अक्का," त्यानं आत बघून विचारलं, "घर नंबर किती लिहू?"