हात फिरवलेला

स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर ठेवलेला गाडीचा वॉटर पंप पांडबा मेस्त्रींनी उचलला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पंपावर पंचनं मारलेली तीन टिंबं होती, अगदी त्यांच्यासारखी. पण ती त्यांनी मारलेली नव्हती.

बारा वर्षं झाली, गाड्या दुरुस्त करताना मेस्त्री कधी कंपनीच्या पंपाला शिवत नव्हते. सगळ्यांत स्वस्त लोकल पंप आणायचा, काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्याचं तोंड घासून सपाट करायचं, बेअरिंग बदलायचं आणि शेवटी खूण म्हणून तीन टिंबं मारायची. आता तर गिऱ्हाईकंच या दुकानात येऊन म्हणायची, "कंपनीचा नको, मेस्त्रींचा हात फिरवलेला द्या."

"हा माझा नव्हं," मेस्त्री म्हणाले.

"तुमचा कसा असेल?" दुकानदार ओसवालशेठ शांतपणे म्हणाले. "तुमचा ओरिजिनल. हा तुमचा डुप्लिकेट."

मेस्त्रींनी पंपाच्या तोंडावरून अंगठा फिरवला. पार खडबडीत. बेअरिंग खुळखुळ्यासारखं वाजत होतं. असला पंप बसवलेली गाडी अर्धा घाट चढायच्या आत उकळणार, आणि लोक शिव्या घालणार मेस्त्रींना. रागानं त्यांचे कान तापले.

"केवढ्याला देता?"

शेठनी सांगितलं. मेस्त्री नेहमी आणायचे त्या लोकल पंपापेक्षाही तो स्वस्त होता.

मेस्त्रींनी पंप पुन्हा उलटसुलट करून पाहिला. कान हळूहळू निवले.

"सहा बांधा," ते म्हणाले. "टिंबं मारायचं काम तरी वाचलं."