उरलेली बाटली

तिसऱ्या दिवशी शहापूरच्या दवाखान्यात वैष्णवीच्या दोन्ही तपासण्यांचे निकाल आले, आणि दोन्ही निकालांचं एकमेकांशी जमेना. नाकात फिरवलेल्या काडीवरून मशीन म्हणालं, न्यूमोनियाचा जंतू आहे. रक्ताची बाटली मात्र तीन दिवस उबेत ठेवूनही तीत काहीच उगवलं नव्हतं. लॅबवाली हर्षाली खूश झाली. लहान मुलांच्या न्यूमोनियात कुठली तपासणी जास्त खरं सांगते, हे शोधायलाच तर तिला नेमलं होतं.

डॉक्टर मॅडमना त्यात खूश होण्यासारखं काही दिसलं नाही. "हा जंतू धडधाकट पोरांच्या नाकातपण असतो. रक्त स्वच्छ आहे. आजपासून इंजेक्शन बंद करून बघू."

नातीला, वैष्णवीला, मांडीत घेऊन बसलेल्या सावळीनं तिला आणखी जवळ ओढलं. मुरबाडकडच्या पाड्यावरून आणली तेव्हा पोरीच्या बरगड्या श्वासागणिक आत जात होत्या. इंजेक्शनं सुरू झाली आणि काल कुठं ती वाटीभर पेज प्यायली. आता तेच बंद करणार म्हणे.

"रगतात काय उगवलं नाय, म्हंजे काय गो?" तिनं हर्षालीला विचारलं.

"रक्तात जंतू असले तर ते बाटलीत वाढतात, आजी. बी पेरल्यासारखं."

पेरणीतलं सावळीला कुणी शिकवायची गरज नव्हती.

"शेतात पाल्याचा राब जाळला, नी तापल्या मातीतच बी टाकलं, तं उगवंल का?"

"कसं उगवेल? करपून जाईल."

"मंग तसंच झालंय." सावळीनं पिशवीत हात घातला आणि तळाला गुलाबी औषध चिकटलेली बाटली खाटेवर ठेवली. "शेजारच्या नवसूच्या पोराची उरलेली. हितं यायच्या आधी दोन दिस पाजली. तुमी इचारलं तवा नाय म्हनलं. वाटलं, वरडाल नी पोरीला घेनार नाय."

मॅडमनी बाटलीवरचं नाव वाचलं. आता बोलणी बसणार म्हणून सावळीनं मान खाली घातली.

"सांगितलंत ते बरं केलंत," मॅडम म्हणाल्या. "याच औषधानं रक्तातले जंतू आधीच मारले असतील. इंजेक्शन चालू ठेवू."

सावळीला एकदम हलकं वाटलं. तिनं नातीच्या डोक्यावरून हात फिरवला. "म्हंजे दोनी तपासन्या खऱ्याच. खोटी मी एकलीच."

हर्षालीला हसू आवरेना. तिनं फॉर्म काढला. 'आधी काही औषध दिले आहे का?' यापुढचं 'नाही' खोडलं. सहज म्हणून आधीच्या मुलांचे फॉर्म चाळले. झाडून सगळ्यांवर 'नाही' होतं. तिचं हसू जरा ओसरलं.

दुपारी आटगावची सोनाली खोकणारं बाळ घेऊन आली आणि शेजारच्या खाटेवर टेकली. हर्षालीनं फॉर्म बाजूला ठेवला आणि तिच्याजवळ बसली.

"ताई, शेजारपाजारच्या कुणाची औषधाची बाटली उरली होती का?"

सोनालीनं सावळीकडं पाहिलं. सावळीनं हळूच मान डोलावली.

मग सोनालीचा हात पिशवीत गेला.