हाली नोटांची जोडी

गुंडप्पाने दोन बोटांनी फोटो मोठा केला, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. डाग तोच होता.

जुन्या नोटा जमवणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सोलापूरच्या एका व्यापाऱ्याने ती नोट टाकली होती. निजामाच्या राज्यात चालणाऱ्या हाली चलनातली, दहाची. नंबरावर त्याने अंगठा ठेवला होता, पण कोपऱ्यातला कुंकवाचा डाग झाकायचं त्याला सुचलं नव्हतं. खाली लिहिलं होतं, 'गेल्या पावसाळ्यात बीदरहून घेतलेली. विकणे आहे.'

असा डाग फक्त दोन नोटांवर होता. बऱ्याच वर्षांपूर्वी बीदरातच गुंडप्पा आणि त्याचा जवळच्या मैलूरचा दोस्त रेवणप्पा यांनी भंगारवाल्याकडून लक्ष्मीची एक मोडकी तसबीर घेतली होती. मागचा पुठ्ठा काढला तर आत दोन नोटा एकमेकींना चिकटून बसलेल्या. पूजेचं तेलकट कुंकू एकीतून दुसरीत उतरलेलं. दोघांनी एकेक घेतली. गुंडप्पाने गळ्यातल्या लिंगाला हात लावून, रेवणप्पाने बिरोबाचं नाव घेऊन शब्द दिला की विकायची नाही, जोडी मोडायची नाही.

गुंडप्पाचा छंद सोवळ्यातला. त्याची नोट अल्बममध्ये, प्लास्टिकच्या कप्प्यात. एकदा आत घातली ती पुन्हा बाहेर म्हणून काढली नाही. रेवणप्पाची मात्र ट्रंकेच्या तळाशी, तंबाखूच्या जुन्या डब्यात.

"अरे, नोट हाय का विडा?" गुंडप्पा चिडायचा. त्याला तंबाखूचं वावडं. किराणा दुकान चालवलं तेव्हा सगळं विकलं, तेवढी एक वस्तू उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही.

"राहू दे की. तंबाखूत कसर लागत न्हाई," रेवणप्पा हसायचा.

आता गुंडप्पाने देवघरातली चावी घेतली, कपाट उघडलं आणि अल्बम काढला. त्याची नोट जागेवर होती. कोपऱ्यात डाग. त्याचा जीव भांड्यात पडला आणि लगेच दुसरा विचार आला. म्हणजे विकली ती रेवणप्पाने.

गेल्या पावसाळ्यात! तेव्हा गुंडप्पाच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. डोळ्यांवर पट्ट्या, घरात अंधार. रेवणप्पा रोज येऊन उशाशी बसायचा. अल्बमला बुरशी लागेल म्हणून गुंडप्पाच त्याला म्हणायचा, पानं उघड, जरा वारा लागू दे. डोळे उघडले तेव्हा माणसं दिसू लागली, नोटांवरचे बारीक आकडे मात्र पुसटच राहिले. ज्याच्या हाती आपण सगळा अल्बम दिला, तो उशाशी बसून मनात गिऱ्हाईक शोधत होता! गुंडप्पाच्या अंगाचा तिळपापड झाला.

त्याने मुलाला हाक मारली. महेशकुमार बीदरजवळच्या कोळारला एका कारखान्यात कामाला होता. सुट्टी असल्यामुळे अंगणात आपली मोटारसायकल धूत होता. दिवाळीत घेतलेली, बोनसच्या पैशातून असं त्याने सांगितलेलं, अजून नव्यासारखी चकचकीत.

"मैलूरला चल. रेवणप्पानं नोट विकलाय."

महेशकुमारच्या हातातलं फडकं थांबलं. "जाऊ द्या की अप्पा. एका नोटेसाठी कामून भांडायलाव?"

"नोटेसाठी न्हाई रे. माणूस गेला माझा."

महेशकुमारने फडकं टाकून गाडी काढली. रेवणप्पाच्या दारात महेशकुमार गाडीवरच बसून राहिला. रेणुकाबाईंनी चहाला आधण ठेवलं. गुंडप्पा म्हणाला, "वहिनी, चहा नको." आणि उभ्यानेच दोस्ताला विचारलं, "तुझी नोट दाखव."

रेवणप्पा तळहातावर तंबाखू मळत होता. त्याचा अंगठा थांबला. "आज कामून आठवण झाली?"

"दाखव म्हनलो ना."

रेवणप्पाने दाराबाहेर पाहिलं. महेशकुमारने मान दुसरीकडे वळवली. पोराच्या देखत चोरी पकडली गेली, म्हणून हा ओशाळला, असं गुंडप्पाला वाटलं.

"माझ्याजवळ न्हाई ती," रेवणप्पा म्हणाला.

"विकलास?"

"दिलो. एका माणसाला दिलो."

"किती घेतलास?"

"काई घेतलो न्हाई."

"खोटं बोलायलास! सोलापूरला तिचा बाजार मांडलाय, फोटो हाय माझ्याकडं. बिरोबाची आण खाल्लतास ना रे?"

रेणुकाबाई चुलीपुढून उठून आल्या. "भाऊजी, तुम्हाला ठाव न्हाई..."

"तू गप बस!" रेवणप्पा बायकोवर एवढ्या जोरात कधी ओरडला नव्हता. मग गुंडप्पाकडे न बघता हळूच म्हणाला, "व्हय. तसंच समज."

गुंडप्पाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचा त्याला आणखी राग आला. "आजपासून तू मला मेलास. माझ्या मयताला बी येऊ नको."

रेवणप्पाने तळहातावरची तंबाखू तशीच डबीत परत टाकली. तो दारापर्यंत पोचवायला आला नाही.

घरी आल्यावर गुंडप्पाने अल्बम मांडीवर घेतला. एकट्या नोटेला आता काय अर्थ होता? ती पाहिली की रोज हा दिवस आठवणार. किंमत गेली चुलीत. ती फाडायची, दोन तुकडे त्याच्या दारात टाकायचे आणि हा विषय मिटवायचा. बाहेर महेशकुमार पुन्हा गाडी पुसायला बसला होता, घाण नसलेली जागाही पुसत होता.

प्लास्टिकचा कप्पा घट्ट होता. गुंडप्पाने नखाने तो उकलला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नोट उघड्या हातात घेतली. दोन्ही हातांच्या चिमटीत धरली. फाडायच्या आधी एकदा शेवटचं पाहावं म्हणून चेहऱ्याजवळ नेली.

नोटेला तंबाखूचा वास येत होता.