जाळीवरची फीत

कारंज्याच्या गफ्फार मिस्त्रीनं लावलेली चंदेरी टेप कुणाच्या बापाला निघायची नाही, अशी त्याची ख्याती होती.

अनुपनं जुन्या मिनीबसमध्ये पलंग, शेगडी बसवून फिरतं घर केलं होतं. पण टपावरच्या एसीची हवा पलंगापर्यंत पोचतच नव्हती.

"थंडी हवा आतल्या आतच फिरून राह्यली," म्हणत गफ्फारनं एसीच्या आतल्या सगळ्या फटी टेपनं बुजवल्या. हवेचा जोर पाहायला नेहमीसारखी जाळीला कागदाची फीत लावली. फीत जोरात फडफडली. अनुप खूश झाला, त्यानं एसी बंद केला.

फीत खाली लोंबली. मग हळूच वर ओढली गेली, जाळीला टेकली, पुन्हा खाली आली.

गफ्फारनं बॅटरीची तार काढली. तरी तेच.

"काहून हलून राह्यली, भाई?"

उत्तर द्यायला गफ्फारनं श्वास घेतला, तशी फीत वर गेली. त्यानं दम रोखला, ती थांबली. सोडला, खाली आली.

मग फीत आपणहून वर निघाली, आणि त्याची छाती तिच्यामागून भरत गेली.

त्यानं जाळीच्या कडेतून बोटं घालून नखांनी आतली टेप ओरबाडली. टेप निघाली नाही.

"बोला ना, भाई."

फीत जाळीला चिकटली होती आणि खाली यायचं नाव घेत नव्हती.