भट्टी पेटेपर्यंत

रेवदंड्याजवळ काचेच्या बाटल्यांचा कारखाना उभा राहू लागला, तेव्हा सुचिताचा नवरा भट्टी बांधायला गुजरातहून घरी आला. "भट्टी पेटली, की गवंड्याचं काम संपलं हां!" त्यानं आधीच बजावलं. वर्षभराच्या लेकीला त्याची ओळख पटायला महिना लागला. मग "बाबा कुठंय?" विचारलं, की ती कारखान्याच्या चिमणीकडे बोट दाखवायची. सुचिताही उठल्याउठल्या तिकडेच बघायची. धूर नाही दिसला, की निवांत चहा टाकायची. आज धूर निघाला. "पेटली गो भट्टी!" सासू साखर वाटू लागली. "आता गावच्या पोरांना गावातच काम!" "आणि तुमच्या पोराला?" सुचिता पुटपुटली. सासूचा हात थांबला. संध्याकाळी गुजरातला परत निघालेल्या नवऱ्याला घेऊन रिक्षा वळणाआड गेली. लेक रडायला लागली. तिला गप्प करताना सुचिताच्या तोंडून सवयीनं निघालं, "बाबा कुठंय?" लेकीनं हुंदका गिळून धुराकडे बोट दाखवलं.