टबाची निगा

करडी गावात घरामागे गरम पाण्याचा टब बसवणारा प्रफुल्ल पहिलाच, आणि दुसरा अजून कोणी निघालेला नाही. दिवाळीच्या सुट्टीत तो बायकोला घेऊन गोव्याला गेला खरा, पण त्याचा जीव घरच्या टबातल्या पाण्यात अडकलेला. रिसॉर्टच्या टबात सरिता त्याच्याविनाच डुंबत होती. हा काठावर, फोन भिजू नये म्हणून पाय वर घेऊन, रोज आईला विचारत होता.

"माय, टबात पावडर टाकून राहिली ना?"

"पावडर कायले? निंबाचा पाला टाकला. किडा लागत नाही."

प्रफुल्लची छाती फुगली. टबातल्या पाहुण्यांना त्याने ऐकवलं, "आमच्याकडे पाणी नैसर्गिक पद्धतीनं शुद्ध ठेवतात." एकाने तर पाला किती टाकायचा तेही विचारलं. प्रफुल्लने अंदाजाने सांगून टाकलं.

"अन् झाकण, माय?"

"पक्कं बंद आहे. वर पाटा ठेवला. नाही तं उंदरं घुसतीन."

घरी पोचल्यावर बॅगा अंगणात टाकून तो थेट मागे धावला. पाटा उतरवला, झाकण उचललं. टब काठोकाठ भरलेला होता. धानानं.

"माय, पाणी कुठं गेलं?"

"ते तं तू गेला त्याच दिवशी वांग्याच्या झाडाईले देल्लं," पंचफुला म्हणाली. "आभाळ भरून आलं होतं, धान कुठं ठेवू? लय कामाची वस्तू आणली रे बाबू. तूच उगाच इतके दिवस त्यात बसत होता."