विसाव्यापाशी

तिरडी विसाव्यापाशी खाली टेकली आणि मृदंग थांबला. मयताला घटकाभर जमिनीवर ठेवायचं, खांदे बदलायचे आणि पुन्हा उचलायचं, एवढंच तिथलं काम. पण खांदे बदलून झाले, दोनदा "उचला" म्हणून झालं, तरी मृदंग काही वाजेना. पुंजाजी तो गळ्यातून उतरवून बाभळीच्या सावलीत बसला होता.

"काहून बसला रे?" टाळकरी इंद्रभान म्हणाला. "ऊन होऊन राह्यलं."

"आधी एक सांगा मले," पुंजाजी म्हणाला. "माह्या वक्ताले कोन वाजवीन?"

जऊळक्याच्या या भजनी मंडळात साठीच्या आतलं कोणी नव्हतं. रोज संध्याकाळी मारुतीच्या देवळात बसायचं, आणि आपल्यातला कोणी गेला की त्याला गात-वाजवत नदीवर पोचवायचं, हा त्यांचा नेम. सहा जणांना पोचवून झालं होतं. तेव्हा पुंजाजीला हा प्रश्न कधी पडला नाही. आज पडला, कारण आजचं मयत जगदेवचं होतं.

जगदेवचं चांगलं झालेलं पुंजाजीला कधीच बघवलं नाही, आणि या माणसाचं मरणसुद्धा चांगलंच झालं. सकाळच्या गाडीनं वाशीमचे पाहुणे उतरले. महायुद्धाच्या टंचाईत लोक कापडासाठी रांगा लावत होते, पण कापडवाल्या गफ्फारनं ठेवणीतलं पांढरं थान जगदेवसाठी फाडलं आणि दुकान बंद करून तोही चालत निघाला. वाटेत बाया उंबऱ्यात येऊन म्हणत होत्या, मरण यावं तं असं. असं म्हणजे कसं? तर पुंजाजीच्या मृदंगावर. आपण आपल्याच हातांनी जगदेवची मिरवणूक काढतोय, हे वेशीपाशी त्याच्या ध्यानात आलं.

"पुंजाजीभाऊ," गफ्फार हळूच म्हणाला, "मय्यत अशी रस्त्यात ठेवत नसतात."

"ठेवली तं काय झालं? त्याले कोनती गाडी पकडाची हाये?"

"मी वाजवीन तुह्या वक्ताले," इंद्रभान वैतागून म्हणाला. "झालं समाधान?"

"वाजवून दाखव."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. तीस वर्षांत पुंजाजीनं त्या मृदंगाला कोणाचं बोट लागू दिलं नव्हतं. इंद्रभाननं तो मांडीवर घेतला आणि दोन्ही बाजूंनी बडवला. रिकामा डबा बडवावा तसा आवाज निघाला.

"बस कर," पुंजाजी म्हणाला. "असं वाजवशीन तं मी तिरडीवर उठून बसीन."

दोघातिघांनी दुपट्ट्यात तोंड लपवून हसून घेतलं. इंद्रभान मात्र चिडला. त्यानं मृदंग खाली ठेवला.

"वाजवनारा होता एक. तीस वर्सं तुह्यासाठी घरून कनीक भिजवून आनत होता. त्याले शिकवलं तू?"

मग कोणी हसलं नाही.

मृदंगाच्या डाव्या अंगाला दरवेळी ओली कणीक थापावी लागते, तेव्हाच तो घुमतो. ती कणीक रोज जगदेव आणायचा. गोळा पुंजाजीसमोर ठेवायचा आणि म्हणायचा, "एक डाव तो बोलांचा तुकडा दाखव ना गड्या." पुंजाजी गोळा घ्यायचा आणि उद्या दाखवतो म्हणायचा. जगदेव मठ्ठ होता असं नाही. भजन रंगात आलं की त्याची बोटं स्वतःच्याच गुडघ्यावर चालायची, आणि पुंजाजीच्या हातून जो तुकडा कधीमधी अडखळायचा, तो त्या गुडघ्यावर साफ पडायचा. एकदा पुंजाजीनं ते पाहिलं. त्या दिवसापासून तो जगदेवकडे पाठ करून बसू लागला. हेवाच होता तो, दुसरं काही नाही. देवळात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि जगदेवलाही.

आजची कणीकही जगदेवच्याच घरची होती. पिंडासाठी भिजवलेल्या कणकेतला एक गोळा त्याच्या बायकोनं, कस्तुराबाईनं, रडता रडता पुंजाजीच्या हातावर ठेवला होता. "त्याईनं कदी चुकवलं नाई," एवढंच ती म्हणाली होती.

पुंजाजीनं मृदंग जवळ ओढला. उन्हानं कणकेच्या कडा सुकत आल्या होत्या. तांब्यातल्या पाण्यात बोट बुडवून त्यानं त्या कडा नीट दाबल्या. मग मृदंग उचलून तो तिरडीच्या उशाशी जाऊन बसला.

"ये इकडं. बस," तो म्हणाला.

इंद्रभान त्याच्या डाव्या हाताला येऊन बसला. पुंजाजीनं बंडीच्या बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या. हात झाकले जाणार नाहीत असे पुढे घेतले आणि त्या तुकड्यातला एकेक बोल सुटा करून वाजवला.

"तिट. कत. गदि. गन. आता धा. ह्या गनले आंगठा उचलाचा. नाई उचलला तं आवाज आतच मरते. पाह्य."

त्यानं पुन्हा वाजवलं. पुन्हा एकदा, आणखी सावकाश. गफ्फार तिरडी उचला म्हणायला पुढे आला होता, तो तिथंच मातीत बसला.

"दिसलं का?" पुंजाजीनं विचारलं. "आता तरी दिसलं का नीट?"

"मी इकडं हाये, पुंजाजी," इंद्रभान म्हणाला.